विश्लेषण : इंजिन जागेवर ठेवून गाडीची पुढची सबफ्रेम बदलता येते का?

पावसाळ्यात यवतमाळ-अमरावती रस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि गाडीचे पुढचे चाक त्यात जोरात आदळते. नेरला पोहोचेपर्यंत स्टिअरिंग एका बाजूला वळवून धरावे लागते. गॅरेजमध्ये मिस्त्री गाडीखाली जाऊन येतो आणि सांगतो, ‘खालची फ्रेम वाकली, बदलावी लागेल.’ त्यावर गाडीमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे आता इंजिन खोलणार का?’

बहुतेक छोट्या आणि मध्यम कारमध्ये याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. इंजिन खोलावे लागत नाही आणि गाडीतून बाहेरही काढावे लागत नाही. ते जागेवर टांगून ठेवून खालची सबफ्रेम काढता येते. मात्र, हे काम बरोबर झाले की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते. फ्रेम सुटलेली असताना इंजिनचा भार कशावर होता आणि नवी फ्रेम बसल्यावर चाके मूळ जागी आली का? हे दोन प्रश्न न विचारता गाडी सोडली, तर टायर, एअरबॅग आणि प्रसंगी गाडीखाली काम करणाऱ्याचा जीवही पणाला लागतो.

सबफ्रेम म्हणजे नेमके काय?

आजच्या बहुतेक कारना ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. पत्र्याचे संपूर्ण कवच हाच गाडीचा सांगाडा असतो. त्याला मोनोकॉक म्हणतात. या कवचाच्या पुढच्या भागाखाली, इंजिनच्या तळाशी, जाड पत्र्याचे दोन भाग जोडून केलेली एक आडवी चौकट मोठ्या बोल्टांनी घट्ट बसवलेली असते. हीच पुढची सबफ्रेम. गॅरेजमध्ये तिला कोणी ‘के-फ्रेम’ म्हणतात, कोणी ‘क्रॉस मेंबर’, तर कोणी नुसतेच ‘खालची फ्रेम’. मारुतीच्या सुट्या भागांच्या यादीत तिचे नाव ‘सस्पेन्शन फ्रेम’ असते, ह्युंदाईच्या यादीत ‘क्रॉस मेंबर’. त्यामुळे पार्ट मागवताना केवळ नाव सांगून भागत नाही. गाडीचा चॅसी क्रमांक देऊनच तो मागवावा.

या चौकटीवर बरेच काही अवलंबून असते. दोन्ही बाजूंचे लोअर आर्म तिला जोडलेले असतात. अनेक गाड्यांत स्टिअरिंग रॅक आणि स्टॅबिलायझर बार तिच्यावरच बसवलेले असतात. इंजिन पुढे-मागे हलू नये म्हणून असलेले खालचे माउंटिंगही, म्हणजे गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन, बऱ्याचदा तिलाच जोडलेले असते. म्हणजे चाक, स्टिअरिंग आणि इंजिन या तिन्ही गोष्टी या एका चौकटीपाशी एकत्र येतात. ती काही मिलिमीटर वाकली, तरी परिणाम थेट स्टिअरिंगवर जाणवतो.

बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांची रचना वेगळी आहे. त्यांना पुढून मागपर्यंत स्वतंत्र चॅसी असते आणि लोअर आर्म त्या चॅसीवरच बसतात. त्यामुळे या लेखातील माहिती अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय-१० अशा, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोनोकॉक गाड्यांसाठी आहे.

नेरसारख्या भागात ती खराब कशाने होते?

मुख्य कारण आघात. नेर तालुका कपाशी-सोयाबीनच्या काळ्या जमिनीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता पक्का पाया नसेल तर दरवर्षी थोडा थोडा वर-खाली होतो. डांबराला लाटा येतात, कडा खचतात आणि खड्डे पडतात. अशा रस्त्यावर वेगात गेलेल्या चाकाचा धक्का आधी टायर आणि रिम घेतात, मग लोअर आर्म आणि शेवटी सबफ्रेम. शेतातल्या पांदण रस्त्यावर दगड किंवा धुरा लागला, तर धक्का थेट खालून सबफ्रेमला बसतो.

दुसरे कारण गंज. समुद्रकिनाऱ्यावरील खारट हवेच्या तुलनेत विदर्भाच्या कोरड्या हवेत गंज कमी चढतो. पण दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. एक म्हणजे चिखल. काळी माती सबफ्रेमच्या कोपऱ्यांत आणि भोकांत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. पावसाळा संपल्यावर गाडी खालून धुऊन घेतली, तर हा प्रश्न बराच कमी होतो. दुसरी गोष्ट जुन्या गाड्यांची. मुंबई किंवा कोकण किनाऱ्यावर अनेक वर्षे वापरलेली सेकंडहँड गाडी घेताना वरचा रंग पाहून भुलू नये. ती वर उचलून सबफ्रेम आणि लोअर आर्मच्या जोडावर गंजाचे फुगवटे आहेत का, ते पाहावे.

गंजाने सबफ्रेम किती धोकादायक होऊ शकते, याचे उदाहरण उत्तर अमेरिकेत सापडते. तिथल्या बर्फाळ भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकले जाते. फोर्डने २०११ मध्ये १९९९ ते २००३ या मॉडेल वर्षांच्या विंडस्टार व्हॅन पुढच्या सबफ्रेमच्या गंजामुळे परत बोलावल्या होत्या. लोअर आर्मजवळचा भाग कुजला, तर चालत्या गाडीवरचे नियंत्रण जाऊ शकते, हा त्यामागचा धोका होता.

सबफ्रेमच गेली आहे, हे कसे ओळखायचे?

गाडी एका बाजूला ओढते, सरळ चालताना स्टिअरिंग तिरके राहते, टायर एकाच कडेने झिजतो, ब्रेक मारताना खालून ‘खट्ट’ आवाज येतो, ही सबफ्रेम बिघडल्याची लक्षणे असू शकतात. मात्र लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड किंवा शॉकअपचे वरचे माउंटिंग खराब झाले, तरी यातली बरीच लक्षणे दिसतात. हे भाग स्वस्त आहेत. त्यामुळे तपासणी नेहमी यांच्यापासून सुरू व्हायला हवी.

सबफ्रेमवर संशय पक्का करणाऱ्या खुणा अशा :

• लोअर आर्म बसतो त्या जागेभोवती तडा, सुरकुतलेला पत्रा किंवा उडालेला रंग.
• एका बाजूचे चाक मडगार्डच्या पोकळीत मागे सरकलेले दिसणे. दोन्ही बाजूंचे अंतर टेपने मोजून फरक लगेच कळतो.
• नवे लोअर आर्म टाकूनही अलाइनमेंट न जुळणे.
• सबफ्रेमवरील ठरावीक भोकांमधील तिरकी मापे, म्हणजे डावीकडील पुढच्या भोकापासून उजवीकडील मागच्या भोकापर्यंत आणि त्याउलट, जुळत नसणे. चौकट डाव्या-उजव्या बाजूने सारखी असेल, तर ही दोन मापे सारखी यायला हवीत.

शेवटची चाचणी फुकट आहे आणि फक्त मोजपट्टी लागते. गॅरेजने ‘फ्रेम गेली’ म्हटले, तर हे माप डोळ्यांसमोर घ्यायला सांगण्यात काही गैर नाही. आघात मोठा असेल, तर सबफ्रेम ज्या कवचाला बोल्ट केलेली असते, ते कवचही मोजायला हवे. कवचच वाकले असेल, तर त्यावर नवी सबफ्रेम बसवून उपयोग नाही.

मग इंजिन का उतरवावे लागत नाही?

यासाठी इंजिनचे वजन कुठे जाते, ते समजून घ्यावे लागेल. आडवे इंजिन असलेल्या आजच्या अनेक कारमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकच गठ्ठा असतो. त्याच्या एका टोकाला इंजिनच्या बाजूचे माउंटिंग आणि दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग असते. ही दोन्ही गाडीच्या कवचावर बसवलेली असतात. म्हणजे इंजिन दोन बाजूंनी टांगलेल्या झोपाळ्यासारखे असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हा झोपाळा पुढे-मागे झुलू नये म्हणून तिसरे, खालचे माउंटिंग सबफ्रेमला जोडलेले असते. ते वजन फारसे पेलत नाही, फक्त झोका रोखते.

अशा गाडीत सबफ्रेम काढली, तरी इंजिनचे वजन वरच्या दोन माउंटिंगवर राहते. पण खालचा आधार गेल्यामुळे ते झुलू लागते आणि जुनी रबरी माउंटिंग फाटू शकतात, सायलेन्सरच्या पाइपवर आणि रेडिएटरच्या नळ्यांवर ताण येतो. म्हणून वरून जादा आधार द्यावा लागतो. काही गाड्यांत मात्र वजनाचा मोठा वाटा सबफ्रेमवरच्या माउंटिंगवर असतो. तिथे वरचा आधार हाच एकमेव आधार ठरतो.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे १९५९ मध्ये आलेली ब्रिटनची मिनी. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रचलेल्या या छोट्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढच्या सबफ्रेमवरच बसवले होते. त्यामुळे त्या गाडीत इंजिन आणि सबफ्रेम मिळून एकच मोठा भाग होतो. आजही कार कारखान्यांच्या असेंब्ली लाइनवर अनेकदा इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे सस्पेन्शन सबफ्रेमसह आधी एकत्र जोडतात आणि मग हा सगळा संच खालून उचलून कवचाला बसवतात. कारखान्यात ते सोयीचे असते. गॅरेजमध्ये तसाच संच उतरवायचा, तर कूलंट, वायरिंग, इंधनाच्या नळ्या आणि एसीचा गॅस हे सगळे सोडवावे लागते. फक्त चौकट बदलायची असेल, तर हा खटाटोप टाळलेला बरा.

इंजिन टांगायचे कशावर?

यासाठी ‘इंजिन सपोर्ट बार’ नावाचे साधे अवजार असते. बॉनेट उघडून, दोन्ही मडगार्डच्या आतल्या मजबूत कडांवर आडवा बसणारा एक दांडा आणि त्याला लटकणारे, स्क्रूने वर-खाली होणारे हुक. हे हुक इंजिनवर मुळातच दिलेल्या लोखंडी कड्यांमध्ये अडकवतात. स्क्रू इंजिनचा भार घेण्यापुरताच आवळायचा असतो. इंजिन वर उचलायचे नसते.

मोठ्या गॅरेजमध्ये हुक असलेली घोडा-क्रेन वापरतात. चेन ब्लॉक भक्कम तुळईला टांगूनही हे करता येते. पण अनेकदा दिसणारा शॉर्टकट वेगळाच असतो. इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला जातो. यात तीन धोके आहेत.

पहिला, जॅक ज्या जागेत उभा असतो, त्याच जागेतून सबफ्रेम खाली यायची असते. दुसरा, चेंबरचा पत्रा पातळ असतो. तो आत दबला, तर तेल ओढणाऱ्या जाळीला अडथळा होऊ शकतो आणि इंजिनला तेल कमी पडते. तिसरा धोका सर्वात मोठा. छोट्या कारचे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वजन शंभर किलोच्या पुढे जाते. एका जॅकच्या सिलवर विसंबून त्याखाली माणसाने डोके घालायचे, हा जुगार आहे.

गाडी उचलतानाही हेच लागू होते. अनेक गाड्यांत पुढून उचलण्यासाठी जॅक सबफ्रेमलाच लावतात. या कामात तीच सुटणार असल्याने घोड्या दरवाजाखालच्या ठरावीक जॅक पॉइंटवरच लावायला हव्यात. मागच्या चाकांना अडण्या हव्यात. दोन खांबांची लिफ्ट असेल, तर काम सोपे आणि सुरक्षित होते. घोड्यांवरही ते होते, पण सबफ्रेम खालून बाहेर ओढता येईल एवढी उंची लागते.

काम कोणत्या क्रमाने होते?

गाडीनुसार तपशील बदलतो, पण ढोबळ क्रम असा असतो. स्टिअरिंग सरळ करून कुलूपबंद केले जाते आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली जाते. वरून इंजिन टांगले जाते. गाडी उचलून पुढची चाके काढतात. मग लोअर आर्मचे बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड सोडवतात. चाकाचा हब आता शॉकअपवर लटकतो. तो तारेने बांधून ठेवावा लागतो. तसे केले नाही, तर तो बाहेर झुकून ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट गिअरबॉक्सच्या बाजूने निसटू शकतो, शिवाय ब्रेकच्या नळीवर ताण येतो.

यानंतर स्टिअरिंग रॅक. तो सबफ्रेमपासून सोडवून वर बांधून ठेवता येतो किंवा स्टिअरिंग कॉलमचा खालचा जोड सोडून सबफ्रेमसोबत उतरवता येतो. अनेक छोट्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगची मोटर वर कॉलमवर असते. अशा गाड्यांत रॅकला तेलाच्या नळ्या नसल्याने काम हलके होते. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल, तर नळ्या सांभाळाव्या लागतात आणि सोडल्यास शेवटी हवा काढावी लागते. सायलेन्सरचा पुढचा पाइप सबफ्रेमखालून जात असेल, तर तोही उतरवावा लागतो.

मग खालचे इंजिन माउंटिंग सोडतात. सबफ्रेमखाली जॅक लावून तिची जुनी जागा रंगाने किंवा खडूने कवचावर आखून घेतात आणि शेवटी तिचे मुख्य बोल्ट काढून ती हळूहळू खाली आणतात. नवी फ्रेम याच्या उलट क्रमाने बसते. लिफ्ट आणि सवय असलेल्या गॅरेजलाही अलाइनमेंटसह या कामाला एक पूर्ण दिवस द्यावा. गंजलेला बोल्ट तुटला, तर वेळ वाढतो.

एअरबॅगचा याच्याशी काय संबंध?

स्टिअरिंग कॉलम रॅकपासून सुटला की, स्टिअरिंग चाक कितीही फेरे मोकळे फिरू शकते. स्टिअरिंगच्या मागे चपट्या तारेची एक गुंडाळी असते. एअरबॅग आणि हॉर्नचे कनेक्शन तिच्यातून जाते. तिला दोन्ही बाजूंना ठरावीक फेरेच सोसतात. कोणी सहज स्टिअरिंग फिरवले आणि तसेच जोडले, तर पुढच्या एखाद्या वळणावर ही गुंडाळी ताणून तुटते. हॉर्न बंद होतो, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि अपघातात ती एअरबॅग उघडत नाही.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक गाडीत ही काळजी घ्यावीच लागते. उपाय अगदी साधा आहे. काम संपेपर्यंत स्टिअरिंग सरळ, लॉक केलेले आणि चावी मालकाच्या किंवा मिस्त्रीच्या खिशात.

बोल्ट ‘पुरेसे घट्ट’ असून का चालत नाही?

सबफ्रेमचे बोल्ट कवचाच्या आत वेल्ड केलेल्या नटांमध्ये बसतात. या नटांचे आटे गेले, तर ते सहज बदलता येत नाहीत, पत्रा कापावा लागू शकतो. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने काही आटे आत न्यायचे, मग आळीपाळीने आवळायचे आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यायचा. एअर गनने पहिल्यापासून बोल्ट मारणे हा आटे घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

टॉर्कचा आकडा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला असतो. तो अंदाजाने देता का येत नाही, हे एका हिशेबातून कळते. समजा, पुस्तिकेत १०० न्यूटन-मीटर लिहिले आहे. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलो जोर दिला की तेवढा टॉर्क होतो. त्याच टोकावर ७० किलोच्या माणसाने पूर्ण वजन टाकले, तर टॉर्क सुमारे ३४० न्यूटन-मीटर, म्हणजे तिपटीहून अधिक होतो. ‘चांगले घट्ट केले’ याचा अर्थ कधी कधी बोल्ट ताणून कमजोर केला, असाही निघतो. काही कंपन्या हे बोल्ट एकदा काढल्यावर नवेच वापरायला सांगतात.

आणखी एक बारकावा नेहमी सुटतो. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नसतात. तेव्हा आर्म खाली लटकलेला असतो. त्याच अवस्थेत आवळले, तर गाडी चाकांवर उभी राहताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात.

अलाइनमेंट न करता गाडी नेली तर?

बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक असते. त्यामुळे नवी सबफ्रेम डावी-उजवीकडे किंचित सरकून बसू शकते. हा फरक किती महत्त्वाचा, ते पाहू. खालच्या बॉल जॉइंटपासून शॉकअपच्या वरच्या टोकापर्यंत ६० सेंटिमीटर अंतर धरले आणि सबफ्रेम ५ मिलिमीटर एका बाजूला बसली, तर प्रत्येक चाकाचा कल जवळपास अर्ध्या अंशाने बदलतो. एका चाकाचा बाहेर, दुसऱ्याचा आत. दोन चाकांमध्ये मिळून सुमारे एक अंशाचा फरक पडतो. गाडी एका बाजूला ओढायला आणि टायर कडेने झिजायला तेवढे पुरते.

अनेक छोट्या गाड्यांत अलाइनमेंट करताना फक्त ‘टो’, म्हणजे चाकांची पुढची टोके आत-बाहेर करता येतात. चाकाचा कल, म्हणजे ‘कॅम्बर’, बदलायची वेगळी सोय नसते. तो सबफ्रेम कुठे बसली यावरच ठरतो. म्हणून अलाइनमेंटच्या छापील कागदावर टो हिरवा आहे, एवढे पाहून थांबू नये. डाव्या-उजव्या चाकाचा कॅम्बर आणि ‘कॅस्टर’ हेही मर्यादेत आहेत का, ते पाहावे. नसतील, तर सबफ्रेमचे बोल्ट सैल करून ती पुन्हा मध्यावर आणावी लागते.

वेल्डिंग मारून किंवा जुनी फ्रेम टाकून भागेल का?

तडा गेलेल्या सबफ्रेमला वेल्डिंग मारणे स्वस्त पडते. पण वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतीच्या पत्र्याची ताकद आणि आकार दोन्ही बदलू शकतात. तडा बहुधा लोअर आर्मजवळ, म्हणजे सर्वाधिक धक्के बसणाऱ्या जागीच असतो. तिथला जोड सुटला, तर चाकच जागा सोडते. म्हणून वाकलेली किंवा तडकलेली सबफ्रेम बदलणे हाच योग्य मार्ग.

जुनी, वापरलेली फ्रेम घ्यायचीच असेल, तर तिची तिरकी मापे तपासावीत, लोअर आर्मच्या जागा आणि बोल्टांची भोके पाहावीत. ताज्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगचा जोड दडलेला नाही ना, हे तारेच्या ब्रशने घासून बघावे. पुढून ठोकलेल्या गाडीची फ्रेम घेऊ नये.

विमा मिळतो का?

खड्ड्यातील किंवा दगडाच्या आघाताने झालेले नुकसान हा अपघात मानला जातो. पॅकेज पॉलिसी असेल, तर दावा करता येतो. गंज आणि झीज यांना भरपाई नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही.

सर्वसाधारण पॅकेज पॉलिसीत धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा कापतात. पहिले ६ महिने काही नाही, १ वर्षापर्यंत ५ टक्के, २ वर्षांपर्यंत १०, ३ वर्षांपर्यंत १५, ४ वर्षांपर्यंत २५, ५ वर्षांपर्यंत ३५, १० वर्षांपर्यंत ४० आणि त्यानंतर ५० टक्के. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीत प्रत्येक दाव्यामागे १ हजार रुपये मालकाला भरावे लागतात.

उदाहरणार्थ, गाडी ६ वर्षांची, फ्रेमची किंमत समजा १० हजार आणि मजुरी ४ हजार. फ्रेमचे ६ हजार आणि मजुरीचे ४ हजार मिळून १० हजार, त्यातून १ हजार वजा जाता ९ हजार रुपये मिळतील. पण दावा केल्यावर नो क्लेम बोनस जातो. तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचला असेल, तर पुढच्या हप्त्यात किती तोटा होईल, हे आधी मोजावे.

दोन चुका टाळाव्यात. विमा कंपनीला कळवण्याआधी आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी काहीही खोलू नये. जागेवरच फोटो काढून ठेवावेत. आणि आघातानंतर चेंबरमधून तेल गळत असेल, तर ‘नेरपर्यंत नेऊ’ म्हणून गाडी चालवू नये. तेलाअभावी इंजिन जाम झाले, तर ते नंतरचे नुकसान म्हणून नाकारले जाऊ शकते. चाक तिरके दिसत असेल, तर पूर्ण गाडी वर घेणाऱ्या टोइंग गाडीवरच न्यावी.

कंपनीचाच दोष असेल तर?

उत्पादनातील दोष असेल, तर दुरुस्ती मोफत व्हायला हवी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली आणि ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. चाक आणि स्टिअरिंगच्या भागांसाठी असे रिकॉल होतात. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने स्टिअरिंगच्या टाय रॉडमधील संभाव्य दोषामुळे एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७ हजार ५९९ गाड्या परत बोलावल्या होत्या. आपल्या गाडीवर रिकॉल आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी क्रमांक टाकून पाहता येते. खर्च करण्यापूर्वी ही तपासणी नक्की करावी.

काम नेरमध्ये करावे की यवतमाळ-अमरावतीला?

गाव कोणते, यापेक्षा गॅरेजमध्ये साधने कोणती, हे महत्त्वाचे. हाताशी सपोर्ट बार, भक्कम घोड्या आणि टॉर्क पाना असलेला नेरचा अनुभवी मिस्त्री हे काम नीट करू शकतो. अलाइनमेंटचे मशीन तिथे नसेल, तर फ्रेम बसवून गाडी सावकाश जवळच्या केंद्रावर नेता येते. साधने नसतील, तर मोठे शहर आणि मोठी पाटी असूनही उपयोग नाही. गाडी सोपवण्याआधी पुढील प्रश्न विचारावेत :

• भाऊ, इंजिन वरून कशावर टांगणार? उत्तर ‘चेंबरखाली जॅक’ असेल, तर दुसरे गॅरेज पाहा.
• फ्रेम नवी की जुनी? चॅसी क्रमांकावरून मागवली का?
• बोल्ट नवे टाकणार का, टॉर्क पाना आहे का?
• लोअर आर्मचे बुश गाडी चाकांवर उभी करून आवळणार का?
• अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मिळतील का?
• जुनी फ्रेम परत देणार का? ती पाहिली की, खरोखर बदलायची गरज होती का, तेही कळते.

गाडी ताब्यात घेताना सपाट, मोकळ्या रस्त्यावर थोडी चालवून पाहावी. स्टिअरिंग सरळ राहते का, ब्रेक मारताना आवाज येतो का, एअरबॅगचा दिवा इंजिन सुरू केल्यावर विझतो का, हॉर्न वाजतो का, हे तपासावे. दोन-चारशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा गॅरेजमध्ये नेऊन सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत. या कामाला दहा मिनिटे लागतात.